डावीकडची ढोलकी

मी अ‍ॅम्प्लिफायर आहे. बोलणं हे माझं काम नाही. दुसऱ्याचा बारीक आवाज घ्यायचा, त्याला ताकद द्यायची आणि तो जसाच्या तसा पुढं सोडायचा, एवढंच मला येतं. माझा स्वतःचा आवाज निघाला तर लोक त्याला घरघर म्हणतात आणि पेचकस घेऊन येतात. म्हणून तीस वर्षं गप्प राहिलो. आज बोलतोय, कारण मागच्या वर्षी माझ्यावर खोटेपणाचा आळ आला. त्या आळापायी माझं पोट उघडलं गेलं आणि मला तुकड्यांनी द्यायचं ठरलं. ते कसं टळलं, तेवढं सांगतो.

किन्हवलीत महादूच्या घराच्या पडवीत माझा मुक्काम. अंगावर बल्बासारखे काचेचे सहा व्हॉल्व्ह. बटण दाबलं की ते हळूहळू लाल होतात. तापायला अर्धं मिनिट लागतं. तोवर मी मुका. ज्याला अर्धं मिनिट थांबता येत नाही त्यानं माझ्या वाटेला जाऊ नये.

मला महादूनं केलं. विकत आणलं नाही, केलं. महादू चौथीपर्यंत शिकला. पुढं अंबरनाथच्या एका कारखान्यात तांब्याची तार गुंडाळायच्या कामाला लागला आणि एकतीस वर्षं तेच केलं. माझ्या जातीच्या यंत्राचा जीव ट्रान्स्फॉर्मरमध्ये असतो. लोखंडी पत्र्यांभोवती गुंडाळलेली तार, दुसरं काही नाही. पण फेरा चुकला की आवाज चुकला. माझे दोन, एक डाव्या आवाजाचा, एक उजव्या आवाजाचा. महादूनं दोन्ही घरीच गुंडाळले, एका बैठकीत, तोंडानं फेरे मोजत. मध्ये त्याची बायको चंद्राबाई दारात आली. म्हणाली, "अवो, पोराला ताप भरलाय." त्यानं एक बोट वर केलं. दोन हजार चारशे पुरे झाल्यावर उठला, पोराला खांद्यावर टाकून धावत दवाखान्यात गेला. पोरगा तिसऱ्या दिवशी खेळायला लागला. चंद्राबाईनं ते बोट अजून माफ केलेलं नाही.

माझा डबा पत्र्याचा. स्पीकरचे डबे मात्र लाकडी, जुन्या घराच्या दाराच्या फळ्यांचे. आवाज कमी-जास्त करायला मला दोन बटणं आहेत, डाव्याचं वेगळं, उजव्याचं वेगळं. दोन्हीभोवती महादूनं पांढऱ्या रंगाचे ठिपके काढले आणि नियम केला की दोन्ही बटणं एकाच ठिपक्यावर राहणार. डावं-उजवं सारखं. तीस वर्षांत त्यानं हा नियम एकदाही मोडला नाही.

शहरात या छंदाची मोठी थाटाची घरं असतात म्हणे. भिंतींना परदेशी गाद्या, तारा हाताच्या मनगटाएवढ्या. महादूनं भाताच्या गिरणीवरून तूस आणलं, पोत्यांत भरलं आणि पडवीच्या चारही कोपऱ्यांत पोती रचली. तूस आवाज पितं. कोपऱ्यात घुमणारा ढमढमाट त्या पोत्यांत जिरतो. खाली शेणानं सारवलेली जमीन, वर कौलं. मधोमध एक लाकडी खुर्ची. तिचे चार पाय कुठं येणार त्याच्या खुणा जमिनीवर. तिथं बसलं की दोन स्पीकर आणि तुम्ही, तिघांत सारखं अंतर. एक बोट इकडंतिकडं नाही.

रविवारी दुपारी गिरणी बंद झाली की विजेचा दाब चढायचा. मग चौघं जमायचे. महादू, मुरबाडहून एसटीनं येणारा कोंडू, एक पोस्टमास्तर आणि एक शाळामास्तर. कोंडू शेतकरी, पण त्याच्याही घरी महादूनंच बनवलेला लहान संच. आल्यावर तो म्हणायचा, "राम राम." महादू म्हणायचा, "जयभीम." मग कोणी बोलायचं नाही. चपला बाहेर, पान तोंडात नको, पायानं ताल धरायचा नाही. तबकडीची एक बाजू वाजेपर्यंत एकानं खुर्चीत बसायचं, बाकीच्यांनी बाकावर. बाजू संपली की खुर्ची पुढच्याला. खुर्चीचा मान फार मोठा होता.

चंद्राबाई कधी खुर्चीत बसली नाही. तिला कोणी बस म्हटलं नाही. ती भिंतीपलीकडं स्वयंपाकघरात असायची.

तबकड्या पुष्कळ होत्या, पण परीक्षेची तबकडी एकच. एका जुन्या जलसा मंडळीची. डावीकडं ढोलकी, उजवीकडं पेटी, मधोमध गाणारी बाई. नवा व्हॉल्व्ह बसवला, तार बदलली की महादू ती लावायचा. डोळे मिटायचा. बाई बरोबर मधोमध, दोन स्पीकरांच्या मध्ये रिकाम्या हवेत उभी राहिली की म्हणायचा, "बाई जागेवर हाय." मग बाकीच्या तबकड्या.

वर्षं गेली. पोस्टमास्तर वारले. त्यांच्या पोरानं स्पीकरच्या डब्यांना जाळी मारून कोंबड्या ठेवल्या. शाळामास्तर पोराकडं कल्याणला फ्लॅटमध्ये गेले. तिथं शेजारी भिंत ठोकतात म्हणून त्यांनी संच खोक्यात भरून माळ्यावर टाकला.

कोंडू म्हणाला, "पोस्टमास्तरांच्या डब्यात कोंबड्या बघून आलो रे. काय थाट हाय. अंडी सागाच्या लाकडात."

महादू हसला नाही. म्हणाला, "आपल्यामागं कोन, कोंडू?"

"कशाला कोन पायजे? लोकं फोनवर ऐकतात."

"फोनवर ढोलकी ऐकली का तू कधी? डब्यात वाटाणे हलवल्यासारी."

"मग तुज्या रत्नदीपला बसव."

रत्नदीप म्हणजे महादूचा मुलगा, तोच तापाचा. शहापूरला नोकरीला. चांगला मुलगा. पण खुर्चीत बसवला की दहाव्या मिनिटाला घोरायचा. चौघांतले दोघं उरले, आणि या दोघांनंतर कोणी नाही, हे महादूला दिसत होतं. मलाही दिसत होतं. माझ्यासारख्याला ऐकणारा लागतो. ऐकणारा नसला की मी तापणारं लोखंड.

मागच्या वर्षी भात झोडून झालं आणि पहिल्याच रविवारी महादूनं जलशाची तबकडी लावली. डोळे मिटले. लगेच उघडले.

"बाई सरकली," तो म्हणाला.

स्वयंपाकघरातून चंद्राबाई, "कोन बाई?"

"गानारी. उजवीकडं सरकली. ढोलकी तर पार बसली."

"मग तिला सांगा, जागेवर ऱ्हा म्हनून."

महादूनं माझे डावे व्हॉल्व्ह उजवीकडं लावले, उजवे डावीकडं. तरी ढोलकी दबलेलीच. स्पीकरच्या तारा उलटसुलट केल्या. त्यानं ढोलकी उजवीकडून वाजायला लागली आणि पेटी डावीकडं गेली, पण आता पेटी दबलेली. बाई उजवीकडंच. मग स्पीकरच उचलून जागा बदलल्या. तेच. काही केलं तरी डावी बाजू मेलेली.

कोंडू बाकावरून म्हणाला, "मला तर मधीच वाटते रे बाई."

"खुर्चीत बसून बघ."

कोंडू बसला, डोळे मिटले. "मधीच हाय."

"तुला काय कळतंय? बैल हाकायचे कान तुजे."

कोंडू उठला. टोपी झटकली. म्हणाला, "बैल इकून बारा वर्सं झाली, महादू. कान तेवढे ऱ्हायले. ते पन तुला चालत नाय. येतो मी." पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

महादूनं मग दोष भिंतीला दिला. त्याच वर्षी रत्नदीपनं पडवीच्या डाव्या अंगाला सिमेंटचं न्हाणीघर बांधलं होतं. चंद्राबाईचे गुडघे धरले होते आणि मागच्या परसात जाणं तिला जड जायचं, म्हणून. महादूनं त्या भिंतीवर तळहात थापटला आणि फर्मान सोडलं.

"हे तोडायचं."

रत्नदीप जेवत होता. घास हातातच राहिला. "काय तोडायचं, बाबा?"

"न्हानी. सिमेटाची भित आवाज फेकते. माजी ढोलकी खाल्ली तिनं."

"आयचे गुडघे बघा जरा. ढोलकी मोठी का आय मोठी?"

"तुला आवाजातलं कळत नाय."

"नाय कळत. पन आय परसात पडली तर तो आवाज मला कळंल."

न्हाणीघर राहिलं. दोन दिवस बापलेक बोलले नाहीत. मग महादूनं एकट्यानं सगळा डाव उलटा मांडला. पडवीच्या या टोकाचे स्पीकर त्या टोकाला, मी त्या टोकाला, पोती ओढून नव्या कोपऱ्यांत, खुर्चीच्या नव्या खुणा. एक अख्खा दिवस गेला. आता न्हाणीघराची भिंत त्याच्या उजव्या हाताला आली. तबकडी लावली. ढोलकी डावीकडं, आणि दबलेलीच.

इथं उलगडा व्हायला हवा होता. व्हॉल्व्ह तपासले, तारा तपासल्या, स्पीकर तपासले, भिंत तपासली. एकच गोष्ट तपासायची राहिली आणि ती त्याच्या डोक्याला चिकटलेली होती. मला ते कळत होतं. मी डावीकडं जेवढं सोडत होतो तेवढंच उजवीकडं सोडत होतो, थेंबभर कमी नाही. पण मी सांगणार कसा? मला दुसऱ्याचाच आवाज काढता येतो. ढोलकीवाला जीव तोडून वाजवत होता, मी त्याचा प्रत्येक ठोका पुढं देत होतो, आणि तो ज्याच्यासाठी, त्याच्यापाशी पोचत नव्हता.

ज्याचा कान आयुष्यभर पंचक्रोशीत वाखाणला गेला, त्याला आपला कान आठवतच नाही. तो बाकी सगळं जग तपासतो.

शेवटी महादू माझ्यासमोर उकिडवा बसला. म्हणाला, "तू थकलास. खोटं बोलायला लागलास." मग चंद्राबाईला, "खोटं बोलनारं यंत्र मला घरात नको."

पंधरा दिवसांनी महादूनं बोलावलेला हर्षित आला. ठाण्याचा, चाळिशीच्या आतला. जुने संच गोळा करून विकणं हा त्याचा धंदा. उद्धट नव्हता. चपला न सांगता बाहेर काढल्या. तुसाच्या पोत्यांवर हात फिरवून म्हणाला, "काका, हे मस्त आहे. लोक यासाठी इंजिनीयर बोलावतात."

"तू काम बोल."

"खरं सांगू? अख्खा अ‍ॅम्प कोणी घेणार नाही. यावर कंपनीचं नाव नाही. पण हाताने गुंडाळलेले ट्रान्स्फॉर्मर आणि जुने व्हॉल्व्ह, याला मागणी आहे. ते काढून नेतो. डबा राहू द्या तुम्हाला."

डबा म्हणजे मी.

महादूनं विचारलं, "घेतात कोन ही यंत्रं?"

"महिन्याला दोन-तीन घरातून फोन येतात. वडील गेले, आजोबा गेले, सामान घेऊन जा. मी व्हॅन घेऊन जातो. हॉटेलवाले घेतात, बंगलेवाले घेतात. कपाटात ठेवतात, खालून लाइट सोडतात."

"ऐकतात का?"

"बघतात."

महादूनं पेचकस त्याच्याकडं सरकवला. म्हणाला, "उघड."

हर्षितनं वायर काढली, माझ्यातली वीज पूर्ण उतरू दिली, व्हॉल्व्ह एकेक काढून फडक्यावर ठेवले. मला पालथं घातलं. खालच्या पत्र्याचे आठ पेच काढले. तीस वर्षांनी माझ्या पोटात उजेड आला. महादूनं तोंड फिरवलं. ज्यानं केलं त्याला ते उघडं बघवत नव्हतं.

हर्षितनं मीटरची टोकं एका ट्रान्स्फॉर्मरला लावली. मग दुसऱ्याला. परत पहिल्याला. भुवया वर गेल्या.

"काका, हे दोन्ही सेम टु सेम आहे. फॅक्टरीतही असं मॅचिंग येत नाही. तुम्ही म्हणता डावी साइड गेली?"

"मीटरला ऐकू येतं का?"

"नाही. पण मला येतं. तोडायच्या आधी एकदा ऐकू द्या. बिघडलेला माल दिला असं उद्या कोणी म्हणायला नको."

महादूनं हातानंच परवानगी दिली. हर्षितनं व्हॉल्व्ह परत बसवले, मला सरळ करून दोन विटांवर उघड्या पोटीच ठेवलं, तारा जोडल्या, बटण दाबलं. माझं अर्धं मिनिट सुरू झालं. महादू खुर्चीत, हर्षित बाकावर, आणि चंद्राबाई चहा घेऊन आली. ती महादूच्या डाव्या हाताला उभी राहिली, जेवण वाढताना राहते तशी. हळू आवाजात विचारलं, "साखर घालू का अजून?"

महादू समोर बघत राहिला.

हर्षितला कसंसंच झालं. चंद्राबाई त्याला म्हणाली, "तुमी मनावर घेऊ नका. वरीस झालं. या अंगानं काय इचारलं तर राग येतो त्यांना, उत्तरच देत नाय."

"आणि दुसऱ्या अंगानं?"

ती थबकली. त्या माणसाच्या तोंडाकडं पाहिलं. मग कप घेऊन खुर्चीला वळसा घातला, उजव्या हाताला आली आणि तेवढ्याच हळू आवाजात म्हणाली, "साखर घालू का?"

"मला कदी लागते साखर?" महादू खेकसला.

चंद्राबाई परत डावीकडं गेली. आता तिच्या चालण्यात गुडघ्यांचं दुखणं दिसत नव्हतं. तिथं उभी राहून, जे ऐकल्यावर महादू जगात कुठंही असला तरी उठून आला असता, ते हळूच बोलली. "तुमच्या हातच्या ट्रान्स्फॉर्मरापेक्षा बाजारातला बरा."

महादूनं चहाचा घोट घेतला.

हर्षित तोंड उघडून बघत होता. चंद्राबाईनं कपाळावर हात मारला. एवढ्यात मी तापलो. हर्षितनं सुई ठेवली आणि जलसा सुरू झाला.

"बगा," महादू म्हणाला. "ढोलकी बसलेली. बाई त्या अंगाला."

हर्षित काही बोलणार होता, चंद्राबाईनं त्याला हातानं थांबवलं. ती खुर्चीसमोर आली, पदर खोचला. "उठा."

"काय?"

"उठा म्हनते. तीस वर्सं तुमच्या खुर्चीला हात लावला नाय. आज लावते."

का उठायचं ते त्याला कळलं की नाही कोण जाणे, पण तो उठला. तिनं खुर्ची खुणांवरून उचलली, उलटी फिरवली आणि त्याला स्पीकरकडं पाठ करून बसवलं. वेड्यासारखं. असं कोणी बसत नाही.

"आता ऐका. ढोलकी कुटं हाय?"

महादूनं डोळे मिटले. पाठ करून बसल्यावर ढोलकी त्याच्या उजव्या हाताला आली होती. मी तेच सोडत होतो जे आधी सोडत होतो.

त्याचे डोळे उघडले. "आली," तो म्हणाला. "ढोलकी आली. खणखणीत." मग मान तिरकी झाली. "पेटी गेली."

गाणं चालू होतं. त्यानं स्वतःच खुर्ची सरळ केली, ऐकलं. परत उलटी केली, ऐकलं. तीनदा केलं. मग उजवा हात डाव्या कानावर ठेवला, दाबला, सोडला. दाबून आणि सोडून फरक पडत नव्हता.

मला वाटलं आता हा मोडणार. कानाच्या जोरावर जगलेला माणूस. पण मी त्याला तीस वर्षं ओळखूनही ओळखलं नव्हतं. त्याचे खांदे खाली आले. कपाळावरच्या इतक्या दिवसांच्या आठ्या सुटल्या. माझ्याजवळ आला आणि तापलेल्या पत्र्यावर तळहात ठेवला, भाजेल याचं भान न ठेवता.

"यंत्र खरं हाय," तो म्हणाला. "माजा कान गेला. यंत्र नाय गेलं."

मग हर्षितला, "पेच लाव."

"काका?"

"आठच्या आठ लाव. एक पन ढिला नको."

चंद्राबाई उंबऱ्यावर बसली होती. "म्हनजे तुमी रागावला नव्हता?"

"कशाला रागावू?"

"वरीस झालं. भाकर वाढू का, इचारते. उत्तर नाय. औषध घेतलं का, इचारते. उत्तर नाय. मला वाटलं, या बाईचा आता कटाळा आला ह्यांना. मी रत्नदीपला पन बोलले नाय."

"मला ऐकूच आलं नाय गो."

ती हसायला लागली. हसता हसता डोळ्यांना पदर लावला. हर्षित माझे पेच आवळत राहिला, मान वर न करता. चांगला माणूस. जाताना रिकाम्या हातानं गेला आणि म्हणाला, "काका, इतक्या घरांत गेलो. चालू सेट सोडून आलो असं पहिलंच घर."

शहापूरच्या डॉक्टरनं महादूच्या कानांना मशीन लावून तपासलं. विचारलं, "कारखान्यात तुमचं यंत्र कुठल्या बाजूला असायचं?" महादू म्हणाला, "डाव्या." डॉक्टर म्हणाला, "एकतीस वर्षं?" महादूनं मान हलवली. ज्या कामानं मी झालो त्याच कामानं तो कान नेला. गेलेलं परत येणार नाही, पण उजवा चांगला आहे, असं डॉक्टरनं सांगितलं आणि डाव्यासाठी छोटं श्रवणयंत्र दिलं. त्या यंत्रातून गाणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं येतं, महादूला ते सहन होत नाही. गाणं ऐकताना तो ते काढून ठेवतो. जेवायला बसताना घालतो, कारण वाढणारी डावीकडं उभी असते.

न्हाणीघराबद्दल तो रत्नदीपला काही बोलला नाही. एका सकाळी उठून त्यानं त्याला बाहेरून चुना मारला. रत्नदीप कामावर निघताना बघून गेला. संध्याकाळी येताना बापासाठी जिलबी आणली.

कोंडूकडं मात्र तो स्वतः गेला. तिथं काय झालं ते मला दोघांच्याच तोंडून कळलं, पुढच्या रविवारी.

"दारात उभा ऱ्हायला," कोंडू चंद्राबाईला सांगत होता. "पानी दिलं, घेतलं नाय. म्हनला, बाई मधीच होती. बस. एवढंच बोलला आनि उलट्या एसटीनं परत. वयनी, माफी मागायला सत्तर रुपयाची फेरी कोन करतं? फोन करायचा."

"फोनवर आवाज चांगला येत नाय," महादू म्हणाला.

त्या रविवारी नियम मोडला. महादूनं माझं डावं बटण धरलं आणि उजव्यापेक्षा तीन ठिपके पुढं नेलं. डोळे मिटले. बाई हळूहळू सरकत मधोमध आली. तो नुसता बसून राहिला. एक बाजू संपेपर्यंत कोणी त्याच्याकडं खुर्ची मागितली नाही.

मग तो उठला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडं बघून म्हणाला, "चंद्रे, ये. बस."

"मी?"

"खुर्ची तू फिरवलीस. बस."

ती हात पुसत आली आणि अवघडून बसली, काठावर. महादूनं तबकडी उलटली. दोन ओळी झाल्या असतील, चंद्राबाईनं भुवया चढवल्या.

"ढोलकी जास्त झाली."

महादू आणि कोंडूनं एकमेकांकडं पाहिलं.

"बाई त्या अंगाला गेलीय," ती म्हणाली. "आनि पेटीवाला तिसऱ्या कडव्याला खोकतो, ते बी दबंल. भिंतीतून मला नेमी ऐकू येतं."

"खोकतो?" कोंडू म्हणाला. "पेटीवाला?"

महादूनं बटणं सारखी केली, सुई मागं घेतली, परत लावली. तिसऱ्या कडव्याच्या आधी, पेटीमागं, कोणीतरी हळूच खोकलं. तबकडीवरचा तो माणूस कधीचा गेला असेल. मी त्याचं खोकणं तीस वर्षं इमानेइतबारे पुढं देत होतो. खुर्चीत बसणाऱ्या चौघांनी ते कधी ऐकलं नव्हतं. ते बाईकडं आणि ढोलकीकडं कान लावून बसायचे. भाकऱ्या थापता थापता भिंतीपलीकडून जिनं ऐकलं, तिलाच ते माहीत होतं.

महादू तिच्याकडं बघत राहिला. ऐकणारं माणूस त्यानं पोरात शोधलं, मित्रांत शोधलं, ठाण्याच्या व्यापाऱ्यापर्यंत गेला. म्हणाला, "मला कदी सांगितलं नायस."

"तुमी बोट वर करायचे," ती म्हणाली.

आता एक बाजू त्याच्या ठिपक्यांवर, एक बाजू तिच्या. तिची बाजू लागली की तो बाकावर बसतो आणि त्याला जेवढं येईल तेवढं ऐकतो. बाकी ती सांगते. व्हॉल्व्ह कसा काढायचा, धूळ कशी पुसायची, पोटात हात घालण्याआधी किती वेळ थांबायचं, हे त्यानं तिला शिकवलं. ती शिकताना प्रश्न फार विचारते, आणि तो उत्तरं देतो. हर्षित दोनदा येऊन गेला, काही न्यायला नाही. दुसऱ्यांदा बायकोलाही आणलं. शेजारची हिराबाई एकदा मीठ मागायला आली आणि दोन बाजू संपेपर्यंत उठली नाही.

माझ्या जातीच्या यंत्रांचं पुढं काय होणार, मला माहीत नाही. माणसं कमी झाली, हे खरं आहे. कोंबड्यांच्या खुराड्यांत आणि दिवे सोडलेल्या कपाटांत माझी भावंडं आहेत, त्यांच्याबद्दल वाईट वाटतं. मला स्वतःची भीती होती ती गेली, एवढं सांगतो. माझे व्हॉल्व्ह अजून काही वर्षं जातील. मग नवे लागतील, आणि ते कुठले आणायचे हे आता घरात दोघांना ठाऊक आहे.

काल बुधवार होता. महादू मुरबाडला गेला होता, कोंडूचा संच बघायला. दुपारी चंद्राबाई एकटीच पडवीत आली, सुपात तांदूळ घेऊन. बटण दाबलं. अर्धं मिनिट थांबली, माझ्याकडं बघत, घाई न करता. तिनं आपल्या आवडीची तबकडी लावली. महादूला ती तबकडी मुळीच आवडत नाही. खुर्चीत बसली नाही. दाराच्या चौकटीला टेकून खाली बसली आणि तांदूळ निवडायला लागली. माझ्यावर आजवर कोणी असं ऐकलं नव्हतं, काम करता करता, मान खाली घालून. मी माझं काम केलं. गाणं संपेपर्यंत सुपातले अर्धे तांदूळ निवडून झाले होते आणि खडे एका बाजूला नीट मांडलेले होते.

कधी या बाजूला आलात तर या. चपला बाहेर काढा, मी तापेपर्यंत थांबा. आणि गाणं चालू असताना बोलू नका. तिला चालत नाही.